मगर

बॉक्स आला तेव्हा मी आंबेहळद चिरत होते.
हात पिवळे, पेन धरवेना.
कुरियरवाला म्हणाला, बेन, अंगूठो चालशे.
त्याच्या कागदावर एक उमटला
आणि नकळत खोक्यावरही एक,
गायकाच्या फाटक्या बुटाशेजारी.

तीस वर्षांनी पुन्हा काढलाय तो अल्बम.
चार तबकड्या, वीटभर पुस्तक,
मोटेलची बिलं, ड्रमरच्या आईचं पत्र,
चुरगळून टाकलेले आणि कुणीतरी इस्त्री केलेले कागद.
रागाच्याही पावत्या जपून ठेवतात लोक.
किंमत विचारू नका. कस्टम धरून
चित्रकलेच्या शिकवण्यांचे दोन महिने.

आमच्याकडे होती ती साठची कॅसेट.
फर्टिलायझरनगरमधल्या कुणाच्या तरी अमेरिकेतल्या भाच्याची,
उदयन फणसेने एका रात्रीपुरती मागून आणलेली,
टू-इन-वनसमोर टू-इन-वन ठेवून
त्यांच्या रावपुऱ्यातल्या स्वयंपाकघरात उतरवलेली.
तिसऱ्या गाण्यात कुकरची शिट्टी होती.
आता सगळं साफ केलंय, खरखरसुद्धा धुऊन काढलीय.
शिट्टीच्या जागी मी उगीच थांबले.

डिसेंबरात तिबेटी लोक स्वेटर मांडायचे,
तिथून दोघांनी चौकड्यांचे जाड शर्ट घेतले
आणि मे महिन्यातही घातले,
फाइन आर्ट्सच्या कॅन्टीनमागे, त्रेचाळीस डिग्रीत.
गेटवरच्या काकांनी काळजीने विचारलं,
ताप आलाय का दोघांना?

शब्द आम्ही कानाने लिहून काढले,
फुलस्केप वहीत, देवनागरीत.
चौथ्या गाण्यात तो जे ओरडतो
ते उदयनला ऐकू आलं: मगर.
मगर, मगर, मगर. अकरा वेळा.
अमेरिकेत असतील की, तो म्हणाला,
आपल्याकडेच आहेत असं थोडंच आहे.
काळाघोड्याच्या पुलावरून आम्ही ते ओरडलो.
खाली विश्वामित्रीच्या चिखलात
एक खरी पडली होती.
तिने पापणीसुद्धा हलवली नाही.

पुस्तकात, पान एकोणसाठ, त्याच्याच अक्षरात:
माय गॉड.
एवढंच?

आणि पाचवं गाणं.
ते अर्ध्यात तुटायचं, टेप संपायची. खट्.
ते खट् आम्ही गाण्यातच धरलं.
याला म्हणतात शेवट, उदयन म्हणायचा.
मी शेवटच्या वर्षाचा कॅनव्हास तसाच सोडला,
उजवी कड वीतभर कोरी.
सरांनी बराच वेळ बघून विचारलं, हे काय?
टेप संपली, मी म्हणाले.
त्यांनी बी प्लस दिला.

काल रात्री, दांडिया बाजारातून
पट्टा बदलून आणलेल्या रेकॉर्ड प्लेअरवर कळलं,
ते गाणं पुढे अजून सव्वादोन मिनिटं आहे.
पुढे विशेष काही नाही.
तोच राग, जरासा दमलेला.
मग तो खाकरतो
आणि मागून कुणीतरी म्हणतं, पुन्हा घेऊ या.

उदयन आता दहेजला असतो.
सत्तावीस वर्षं कॉम्प्रेसर हाउसमध्ये,
डावा कान त्यातच गेला.
फोन उजव्याला लावून म्हणाला,
गिटार कुठल्या बाजूला आहे?
डावीकडे, मी म्हणाले.
हसला. मग मला आपली कॅसेटच बरी,
तिच्यात सगळं एकाच बाजूला होतं.

पाचव्याचं सांगू का पुढे काय होतं ते?
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
नको, म्हणाला.
आणि जरा वेळाने, कुकर लावलाय,
ठेवतो.

मी पुस्तक मिटलं.
सुई उचलून चौथ्यावर ठेवली.
अंगठ्याचा डाग ओल्या फडक्याने पुसून पाहिला होता,
जात नाहीये.